ग्रह आणि त्यांचे चंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रहांबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा "सगळ्यात मोठा कोणता, सगळ्यात लांब कोणता" इथून सुरू होतात. त्यांची उत्तरं खाली आहेत, पण थोडक्यात. जास्त जागा चंद्रांना दिली आहे, कारण गेल्या पन्नास वर्षांत सूर्यमालेने दिलेले मोठे धक्के ग्रहांपेक्षा त्यांच्या चंद्रांकडून जास्त आले. त्यातल्या बऱ्याच धक्क्यांच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे भरती-ओहोटी. प्रश्न कुठूनही वाचा, फक्त भरतीचा प्रश्न आधी वाचलात तर पुढचं सोपं जाईल.

सूर्यमालेत ग्रह नक्की किती?

आठ. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. पहिले चार खडकाळ, गुरू आणि शनी मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचे, आणि शेवटच्या दोघांच्या पोटात पाणी, अमोनिया, मिथेन यांचं दाट मिश्रण. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी, बुधाचा ४,८७९, तर गुरूचा जवळपास १ लाख ४० हजार. वस्तुमानात गुरू एकटाच बाकीच्या सात ग्रहांच्या बेरजेच्या अडीच पट भरतो. सूर्यमाला म्हणजे सूर्य, गुरू आणि बाकी किरकोळ, असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी फार भांडता येत नाही.

मग प्लूटोला का काढलं?

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली. ग्रह सूर्याभोवती फिरला पाहिजे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल होण्याइतका जड असला पाहिजे आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असला पाहिजे. प्लूटो पहिल्या दोन अटींत बसतो, तिसरीत अडकतो. नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांच्या गर्दीतला तो एक आहे.

खरी अडचण उभी केली ती एरिसने. २००५ मध्ये सापडलेला हा पिंड व्यासाने प्लूटोपेक्षा किंचित लहान, पण वस्तुमानाने चांगला जास्त. प्लूटो ग्रह असेल तर एरिसही ग्रह, आणि मग मागोमाग आणखी किती येतील याला अंत नाही. असा प्रसंग पूर्वीही आला होता. १८०१ मध्ये सापडलेला सेरेस कित्येक दशकं ग्रहांच्या यादीत होता. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये तसलेच पिंड सापडत गेले आणि त्याची रवानगी लघुग्रहांत झाली. त्याच्यासाठी मात्र कुणी गळा काढला नाही. आज प्लूटो आणि सेरेस दोघेही बटुग्रह आहेत, म्हणजे गोल असूनही कक्षा साफ न केलेले.

माझ्या मते तिसरी अट जरा विचित्रच आहे, कारण ती पिंडाबद्दल काही न सांगता त्याच्या शेजाराबद्दल सांगते. पण हा वाद नावाचा आहे. जुलै २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान शेजारून गेलं तेव्हा प्लूटोवर बर्फाचे डोंगर, गोठलेल्या नायट्रोजनच्या हिमनद्या आणि निळसर धुकं दिसलं. पाच चंद्र तर आहेतच.

कोणाला किती चंद्र?

बुध आणि शुक्राला एकही नाही. पृथ्वीला एक, मंगळाला दोन, नेपच्यूनला १६. युरेनसचा आकडा तिशीच्या जवळ आहे, गुरूचा शंभरीच्या आसपास. शनी सगळ्यांच्या पुढे: मार्च २०२५ मध्ये एका दमात १२८ नव्या चंद्रांची नोंद झाली आणि एकूण २७४ झाले.

हे आकडे पाठ करण्यात अर्थ नाही. चंद्र म्हणवून घ्यायला किमान आकाराची अट नाही, त्यामुळे दुर्बिणी सुधारल्या की यादी वाढते. यातले बहुसंख्य म्हणजे कधीतरी पकडीत सापडलेले, काही किलोमीटरचे ओबडधोबड तुकडे. स्वतःच्या वजनाने गोल झालेले मोठे चंद्र ग्रहांभोवती अठराच आहेत, प्लूटोचा कॅरॉन धरला तर एकोणीस. आपलं लक्ष त्यांच्याकडे. यात पहिला नंबर गुरूच्या गॅनिमिडचा. ५,२६८ किमी व्यासाचा हा चंद्र बुध ग्रहापेक्षा मोठा आहे.

भरती-ओहोटी म्हणजे समुद्राचं पाणी चढणं-उतरणंच ना?

तो तिचा आपल्याला दिसणारा भाग. गुरुत्वाकर्षण अंतराबरोबर कमी होतं, त्यामुळे चंद्राकडची पृथ्वीची बाजू जरा जास्त ओढली जाते आणि पलीकडची जरा कमी. या फरकामुळे अख्खी पृथ्वी चंद्राच्या दिशेने किंचित ताणली जाते. पाणी सहज हलतं म्हणून तिथे ते नजरेत भरतं, पण खडकालाही भरती येते. आपल्या पायाखालची जमीन रोज काही दशांश मीटर वर-खाली होते. सगळंच बरोबर हलतं म्हणून पत्ता लागत नाही.

या ताणाचे परिणाम तीन. पिंडाच्या स्वतःभोवती फिरण्याला ब्रेक लागतो. चंद्राची कक्षा हळूहळू बदलते. आणि सतत ताणलं-सैल होण्यातून पिंडाच्या पोटात उष्णता तयार होते. शिवाय एक टोकाची अवस्था आहे. चंद्र ग्रहाच्या फार जवळ गेला तर हा ताण त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाला भारी पडतो आणि तो फुटतो. ही मर्यादा एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाने १८४८ मध्ये काढली. खालच्या निम्म्या उत्तरांमध्ये यातलं काही ना काही येणार आहे.

चंद्राची एकच बाजू का दिसते? तो स्वतःभोवती फिरत नाही का?

फिरतो. पृथ्वीभोवती एक फेरी घालायला त्याला २७.३ दिवस लागतात आणि स्वतःभोवती फिरायलाही तेवढेच, म्हणून तोंड कायम आपल्याकडे. हा योगायोग नाही. एके काळी तो यापेक्षा वेगाने फिरत होता, पृथ्वीच्या भरतीच्या ओढीने त्याला ब्रेक लावत लावत इथवर आणलं. जवळजवळ सगळ्या मोठ्या चंद्रांची हीच गत आहे. प्लूटो आणि कॅरॉन यांनी तर एकमेकांना बांधून टाकलंय, दोघेही कायम एकमेकांसमोर तोंड करून ६.४ दिवसांत एक फेरी घालतात.

पलीकडच्या बाजूला 'काळी बाजू' म्हणायची सवय सोडलेली बरी. तिथेही इथल्याइतकंच ऊन पडतं. चंद्र किंचित डोलतो, त्यामुळे पृथ्वीवरून आळीपाळीने एकूण ५९ टक्के पृष्ठभाग दिसतो. उरलेला भाग माणसाने पहिल्यांदा पाहिला तो १९५९ मध्ये, सोव्हिएत लूना ३ यानाच्या फोटोंत. तिथे आपल्या बाजूसारखे लाव्ह्याचे मोठे काळपट डाग जवळजवळ नाहीतच, नुसती विवरं. २०१९ मध्ये चीनचं छांग-अ ४ तिथे उतरलं आणि २०२४ मध्ये छांग-अ ६ ने तिथली माती पृथ्वीवर आणली.

चंद्र खरंच दूर चाललाय का?

हो, वर्षाला ३.८ सेंटिमीटर. हा अंदाज नाही, मोजमाप आहे. अपोलो ११, १४ आणि १५ च्या चांद्रवीरांनी ठेवलेल्या परावर्तकांवर आजही लेसरचा झोत सोडतात आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतात. चंद्रामुळे आलेला पृथ्वीचा फुगवटा पृथ्वीच्या वेगवान फिरण्यामुळे चंद्राच्या थोडा पुढे राहतो आणि चंद्राला पुढे खेचतो, त्यातून चंद्राची कक्षा मोठी होते. ही ऊर्जा पृथ्वीच्या फिरण्यातून वजा होते, म्हणून आपला दिवस शतकामागे साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो.

उलट हिशेब केला तर जन्मावेळी चंद्र फार जवळ असणार. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक पिंड पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मालातून चंद्र बनला, हे आज सर्वाधिक मान्य असलेलं मत आहे.

दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही?

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन प्रतलं जिथे छेदतात त्या दोन बिंदूंजवळ अमावास्या आली तरच ग्रहण. पंचांगातले राहू आणि केतू म्हणजे हेच दोन बिंदू. तिथे कुठला पिंड नाही. हे बिंदूही सरकत असतात आणि १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात.

पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये सगळे ग्रह मावतात, हे खरं का?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांत हे एक बरं आहे, कारण गणित करून बघता येतं. पृथ्वी सोडून बाकी सात ग्रहांच्या सरासरी व्यासांची बेरीज होते ३,८०,०१६ किमी. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किमी. झालं, मावले! पण हे अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंतचं आहे. त्यातून पृथ्वीची आणि चंद्राची त्रिज्या वजा केली तर मोकळी जागा उरते साधारण ३,७६,३०० किमी, म्हणजे साधारण ३,७०० किलोमीटर कमीच. चंद्र सर्वांत दूर असतो तेव्हा अंतर चार लाखांच्या वर जातं, तेव्हा मात्र सगळे आरामात बसतात. तर उत्तर असं: मावतात, पण रोज नाही.

चंद्रावर पाणी आहे?

द्रवरूपात नाही. ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी कधीच ऊन पोचत नाही, तिथे बर्फ आहे. चंद्रयान १ वरच्या उपकरणांनी पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंच्या खुणा टिपल्या आणि ते २००९ मध्ये जाहीर झालं. सूर्याला चिकटून असलेल्या बुधाच्या ध्रुवांवरही असाच बर्फ आहे, आणि मला ही गोष्ट चंद्रापेक्षा जास्त नवलाची वाटते.

बुधाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा कसा?

बुध ८८ दिवसांत सूर्याभोवती फिरतो आणि ५८.६ दिवसांत स्वतःभोवती. म्हणजे दोन वर्षांत बरोबर तीन गिरक्या. त्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस जातात, म्हणजे तिथली दोन वर्षं. १९६५ पर्यंत सगळ्यांची समजूत होती की चंद्राप्रमाणे बुधाचीही एकच बाजू कायम सूर्याकडे असते. आरेसिबोच्या रडारने ती खोडून काढली. बुधाची कक्षा चांगलीच लांबट आहे, त्यामुळे सूर्याच्या ओढीने त्याला वेगळ्याच ठेक्यात अडकवलं. तिथल्या काही जागांवरून पाहिलं तर सूर्य उगवतो, थबकतो, मागे जाऊन मावळतो आणि पुन्हा उगवतो.

जाता जाता: पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणारा ग्रह शुक्र. पण वर्षानुवर्षांची सरासरी काढली तर सर्वांत जवळचा ग्रह बुध, कारण तो सूर्याच्या पलीकडे गेला तरी फार लांब जात नाही.

सूर्याच्या सर्वांत जवळ बुध, मग सर्वांत उष्ण शुक्र कसा?

वातावरणामुळे. बुधाला नावापुरतंही वातावरण नाही, त्यामुळे दिवसा ४३० अंश सेल्सिअस आणि रात्री उणे १८०. शुक्रावर ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड, वर गंधकाम्लाचे ढग, आणि जमिनीवर पृथ्वीच्या सुमारे नव्वद पट दाब. दिवस असो, रात्र असो, ध्रुव असो की विषुववृत्त, तापमान ४६० अंशांच्या आसपास. शिसं तिथे वितळलेलंच राहील.

अशा जागी यान उतरवण्याचा हट्ट सोव्हिएत संघाने तडीस नेला. १ मार्च १९८२ रोजी व्हेनेरा १३ उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं. आधी थंड करून ठेवलेल्या टायटॅनियमच्या गोळ्यातली उपकरणं तापून निकामी होण्याआधी त्याने रंगीत फोटो पाठवले: सपाट थरांचे खडक, पिवळट-नारिंगी उजेड, कोपऱ्यात यानाचं स्वतःचंच दातेरी कडं. चार दिवसांनी त्याचं जुळं व्हेनेरा १४ उतरलं. त्याला एक दांडा होता, जमिनीवर दाबून माती किती घट्ट आहे ते मोजायला. कॅमेऱ्याचं झाकण उडालं आणि नेमकं त्या दांड्याखाली जाऊन पडलं. दांड्याने इमानेइतबारे आपल्याच झाकणाचा घट्टपणा मोजला.

बुध आणि शुक्राला चंद्र का नाहीत?

सूर्य जवळ असल्यामुळे चंद्र धरून ठेवायला जागाच थोडी मिळते. दुसरं, दोघेही स्वतःभोवती फार सावकाश फिरतात, शुक्र तर २४३ दिवसांत एकदा आणि तोही उलटा. आपला चंद्र दूर जातो कारण पृथ्वी त्याच्यापेक्षा वेगाने फिरते. ग्रह चंद्रापेक्षा सावकाश फिरत असेल तर हीच ओढ चंद्राला आत आणते आणि शेवटी पाडते. पूर्वी त्यांना चंद्र असलेच तर ते फार टिकले नसतील.

ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसतो म्हणे?

नाही, कधीच नाही. ही अफवा दर पावसाळ्यात उगवते. तिचं मूळ खऱ्या घटनेत आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५७ लाख ६० हजार किमीवर आला होता, जवळजवळ साठ हजार वर्षांतलं सर्वांत कमी अंतर. तेव्हाच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ, नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा दिसेल. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली, मग वर्षही गळालं. यापेक्षा जवळ तो येईल २२८७ मध्ये.

मंगळाचा चंद्र पडणार आहे का?

फोबोस, हो. जेमतेम २२ किमीचा हा ओबडधोबड दगड मंगळाच्या पृष्ठभागापासून सहा हजार किमीवर फिरतो आणि ७ तास ३९ मिनिटांत फेरी पुरी करतो. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. म्हणजे चंद्र ग्रहापेक्षा वेगवान! तिथे उभं राहिलं तर फोबोस पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल. आणि वर सांगितलेल्या नियमाने तो आत येत चालला आहे, शंभर वर्षांत साधारण १.८ मीटर. काही कोटी वर्षांत तो रोश मर्यादेत शिरून फुटेल किंवा आदळेल, आणि फुटला तर मंगळाला काही काळ कडं मिळेल. दुसरा चंद्र डायमॉस, उलट, सावकाश दूर चालला आहे. दोघांचा शोध आसफ हॉलने ऑगस्ट १८७७ मध्ये लावला.

गुरू हा 'होता होता राहिलेला तारा' आहे का?

नाही. तारा म्हणून पेटायला गुरूच्या पंचाहत्तर-ऐंशी पट वस्तुमान लागतं. इतक्या लांब राहिलेल्याला 'होता होता राहिला' म्हणत नाहीत.

गुरूचे चंद्र घरून दिसतात?

साध्या बायनॉक्युलरमधून दिसतात. कोपर भिंतीवर किंवा कठड्यावर टेकवा, हात थरथरला तर काही दिसणार नाही. गुरूच्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना, जवळपास एका रेषेत, बारीक ठिपके दिसतील. कधी चार, कधी तीन, कधी दोनच. एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो.

गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० च्या रात्री असे तीन ठिपके पाहिले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. त्याला ते तारे वाटले. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. १३ तारखेला चौथा सापडला. हे गुरूभोवती फिरतात, म्हणजे आकाशातलं सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नाही, हे त्या ठिपक्यांच्या नोंदींतून उभं राहिलं. छोटी दुर्बीण असेल तर तुम्हीही एक रात्र द्या: आठ वाजता कागदावर ठिपके काढा, अकरा वाजता परत काढा. या चारांतला आयो गुरूच्या कडेजवळ असेल तर तीन तासांत तो गुरूच्या व्यासापेक्षा जास्त सरकलेला असतो.

आयोवर ज्वालामुखी कसे? तो तर आपल्या चंद्राएवढाच आहे.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. आकाराच्या हिशेबाने आयो आपल्या चंद्रासारखा केव्हाच थंड पडायला हवा होता. पण आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात गुरूच्याच युरोपा या चंद्राच्या दोन आणि गॅनिमिडची एक होते. या ठेक्यात शेजारी आयोला पुन्हा पुन्हा त्याच जागी ओढतात, त्यामुळे त्याची कक्षा गोल होऊच शकत नाही, कायम किंचित लांबट राहते. मग तो गुरूच्या कधी जवळ, कधी दूर. प्रत्येक फेरीत त्याचा खडक ताणला जातो आणि सैल होतो, शंभर मीटरपर्यंत. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की वाकते तिथे तापते, तसंच आयोच्या पोटात चाललेलं असतं.

स्टॅन्टन पील आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे गणित मांडून आयोचं पोट वितळलेलं असेल असं भाकीत केलं. त्यांचा निबंध २ मार्च १९७९ रोजी छापून आला. ५ मार्चला व्हॉयेजर १ आयोजवळून गेलं. काही दिवसांतच, यानाचा मार्ग तपासण्यासाठी घेतलेल्या एका फोटोवर काम करताना लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक पिसारा दिसला. तो ज्वालामुखीचा फवारा होता. भाकीत छापल्यावर आठवड्याभरात खरं ठरल्याची उदाहरणं विज्ञानात फार नाहीत. आज आयोवर चारशेच्या आसपास जागृत ज्वालामुखी माहीत आहेत.

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी कुठे असू शकेल?

सूर्यापासून गुरूइतक्या दूर पाणी द्रवरूपात राहणार नाही, हा जुना समज आयोच्या शोधाने मोडला. ऊब उन्हातूनच आली पाहिजे असं नाही, भरतीतूनही येते. युरोपाच्या बर्फाच्या जाड कवचाखाली खारा समुद्र आहे, आणि त्यात पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावं असा हिशेब आहे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेलं युरोपा क्लिपर २०३० मध्ये पोचेल. ते उतरणार नाही, जवळून फेऱ्या मारेल. जीव आहेत का हे ते सांगणार नाही, जीव जगतील अशी परिस्थिती आहे का एवढंच तपासेल.

शनीचा एन्सेलाडस त्याहून सोयीचा. फक्त ५०४ किमीचा हा पांढराशुभ्र चंद्र. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या चार लांब भेगांतून बर्फाचे आणि वाफेचे फवारे उडताना दिसले. कॅसिनी त्या फवाऱ्यांतून चक्क उडत गेलं. त्यात मीठ सापडलं, कार्बनी रेणू सापडले, हायड्रोजन सापडला, आणि जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर २०२३ मध्ये फॉस्फेटही. समुद्राचं पाणी तपासायला इथे बर्फ फोडावा लागत नाही, समुद्र स्वतःच नमुने बाहेर फेकतो. मंगळावर इतकी यानं गेली, आता एक एन्सेलाडसला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१७ मध्ये कॅसिनीचं इंधन संपत आलं तेव्हा त्याला मुद्दाम शनीत बुडवलं, पृथ्वीवरचा एखादा जिवाणू या चंद्रांवर पोचू नये म्हणून.

शनीच्या टायटन या चंद्रावर पाऊस पडतो हे खरं?

पडतो, पण मिथेनचा. उणे १७९ अंशांत पाणी दगडासारखं कडक असतं आणि मिथेन नदीसारखा वाहतो. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान पॅराशूटने अडीच तास खाली येत तिथे उतरलं. त्याच्या फोटोत नदीकाठासारखे घासून गोल झालेले गोटे दिसतात, आणि ते गोटे बर्फाचे आहेत. हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट, गुरुत्वाकर्षण एक-सप्तमांश. हाताला पंख बांधून माणूस उडू शकेल अशी सूर्यमालेतली ही एकमेव जागा. ड्रॅगनफ्लाय नावाचं उडतं यान तिथे पाठवायची तयारी सुरू आहे.

शनीची कडी कशाची? आणि ती मध्येच नाहीशी का होतात?

पाण्याच्या बर्फाची. वाळूच्या कणापासून घराएवढ्या तुकड्यांपर्यंत असंख्य तुकडे, प्रत्येक जण आपापल्या कक्षेत. कड्यांचा पसारा जवळपास पावणेतीन लाख किमी रुंद, पण जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर. शनीच्या तिरपेपणामुळे साधारण पंधरा वर्षांनी एकदा ती आपल्याला धारेवरून दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. मार्च २०२५ मध्ये तसं झालं. १६१२ मध्ये गॅलिलिओवरही हीच वेळ आली आणि तो बुचकळ्यात पडला, कारण त्याला ते कडं आहे हेच माहीत नव्हतं. ते कोडं डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये सोडवलं, आणि कडं अखंड असूच शकत नाही, तुकड्यांचंच असलं पाहिजे, हे मॅक्सवेलने गणिताने दाखवलं. मुख्य कडी रोश मर्यादेच्या आत आहेत, म्हणून ते तुकडे एकत्र येऊन चंद्र होत नाहीत. त्यांच्या वयावर मात्र तज्ज्ञांत दोन तट आहेत.

शनी पाण्यावर तरंगेल का?

त्याची घनता पाण्याच्या ०.६९ पट, म्हणून कागदावर हो. बाकी शनीला पृष्ठभाग नाही आणि तेवढा समुद्रही नाही.

युरेनस आणि नेपच्यूनबद्दल इतकं कमी का माहीत आहे?

कारण दोघांकडे आजवर एकच यान गेलं, व्हॉयेजर २. जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून. युरेनस विल्यम हर्शेलला १७८१ मध्ये सापडला. तो ९८ अंशांनी कललेला, म्हणजे आडवा पडून फिरतो, त्यामुळे ध्रुवांवर ४२ वर्षं दिवस आणि ४२ वर्षं रात्र. नेपच्यून आधी कागदावर सापडला: फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिएने युरेनसच्या चुकणाऱ्या गतीवरून जागा काढली, बर्लिनच्या वेधशाळेत गालेला पत्र पाठवलं, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत ग्रह मिळाला.

त्यानंतर १७ दिवसांत त्याचा मोठा चंद्र ट्रायटन दिसला. हा ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने फेऱ्या घालतो. तिथेच जन्मलेला चंद्र असं करत नाही, म्हणजे हा बाहेरून पकडलेला, बहुधा प्लूटोचा भाऊबंद. त्याचीही कक्षा आक्रसत चालली आहे.

ग्रह एका रेषेत आले की भूकंप होतात का?

नाही. ग्रह जवळपास एकाच प्रतलात फिरतात, त्यामुळे आकाशात ते कायमच एका पट्ट्यात दिसतात. राहिली ओढ: भरतीचा जोर अंतराच्या घनाने कमी होतो. शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची भरतीची ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी. रोज डोक्यावरून जाणाऱ्या चंद्राला विसरून शुक्राची भीती बाळगायचं कारण नाही.

नववा ग्रह सापडणार आहे म्हणे?

२०१६ मध्ये बॅटिगिन आणि ब्राउन यांनी दूरच्या काही बर्फाळ पिंडांच्या कक्षांवरून असा ग्रह असावा असं मांडलं. अजून कुणाला दिसलेला नाही. गणिताने नेपच्यून मिळाला, पण त्याच ल व्हेरिएने त्याच पद्धतीने बुधाच्या आत 'व्हल्कन' नावाचा ग्रह मांडला होता आणि तो कधीच मिळाला नाही. बुधाच्या कक्षेतली ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सुटली. थांबून बघावं हे बरं.

चंद्राला स्वतःचा चंद्र असू शकतो का?

गणिताने शक्य आहे, चंद्र मोठा आणि ग्रहापासून पुरेसा दूर असेल तर. सूर्यमालेत असा एकही माहीत नाही. ग्रहाची भरतीची ओढ अशी कक्षा फार काळ टिकू देत नाही. आपल्या चंद्राच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. त्याच्या पोटात वस्तुमान सारखं पसरलेलं नाही, काही मोठ्या विवरांखाली ते दाटलेलं आहे, त्यामुळे जवळून फिरणाऱ्या वस्तूची कक्षा वेडीवाकडी होत जाते. अपोलो १६ च्या चांद्रवीरांनी एप्रिल १९७२ मध्ये चंद्राभोवती एक छोटा कृत्रिम उपग्रह सोडला होता. तो ३५ दिवसांत चंद्रावर आदळला.